राहायला जा, नाहीतर सही द्या!

सध्या आमच्या मुलुंडात एक साथ आली आहे. ताप नाही, खोकला नाही. पण इमारतीमागे एक तरी रोगी सापडतोच. लक्षणे ठरलेली. चाळिशीच्या घरातला, बऱ्या पगाराचा गृहस्थ संध्याकाळी लोकलमधून चेंगरून घरी येतो, चहाचा कप हातात घेतो आणि बायकोला म्हणतो, "पुरे झाले हे! फ्लॅट विकू आणि कोकणात जाऊन राहू. चार खोल्या बांधू, पाहुणे ठेवू, आंब्याच्या पेट्या पाठवू. दोघांच्या पोटाला काय कमी पडणार आहे?" बायको घटकाभर त्याच्याकडे पाहते आणि विचारते, "आणि राजूची शाळा?" बहुतेक रोगी इथेच बरे होतात. थोडे मात्र खरोखरच बिऱ्हाड हलवतात.

बोरिवलीला जा, अंधेरीला जा, घाटकोपरला जा, सगळीकडे हीच कथा. २०२० च्या महासाथीत कचेऱ्या घरात आल्या. काम घरूनच करायचे तर समुद्राकाठच्या घरून का करू नये, असा प्रश्न पुष्कळांना तेव्हा पडला, आणि तेव्हापासून या खुळाने (खूळ हा शब्द मी प्रेमाने वापरतो आहे) चांगलाच जोर धरला.

यावर आमच्या सोसायटीत दोन पक्ष आहेत. एक भक्तांचा. त्यांच्या मते गावी जाणारा माणूस म्हणजे साक्षात ऋषी. दुसरा टवाळांचा. त्यांच्या मते तो शुद्ध वेडा. दोन पावसाळे काढील आणि बोचके बांधून परत येईल. वाचकहो, मला आज या दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे. कारण दोघेही बोलतात ते जाणाऱ्याबद्दल. ज्या गावात तो जातो त्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि न जाता मुंबईत बसून त्या गावाची मालकी सांगणारे आपण, आपल्याबद्दल तर कोणी अवाक्षर काढीत नाही.

आधी गावाची हकीकत ऐका. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे १६ लाख ९७ हजार माणसे होती. दहा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, ती १६ लाख १५ हजार भरली. सिंधुदुर्गाचेही तेच, ८ लाख ६९ हजारांची ८ लाख ५० हजारांच्या आत आली. सारा देश वाढत असताना हे दोन जिल्हे आटले. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. हा काही स्त्रीजन्माचा गौरव नव्हे. पुरुष मुंबईत होते, एवढाच त्याचा अर्थ. चौरस किलोमीटरला रत्नागिरीत १९७ आणि सिंधुदुर्गात १६३ माणसे. त्याच साली मुंबई उपनगर जिल्ह्यात हाच आकडा वीस हजारांच्या वर होता. आपण तिथून उठलो आणि इथे येऊन एकमेकांच्या पायांवर उभे राहिलो!

तेव्हा कोणी उलट्या वाटेने निघाला तर मला आनंदच आहे. यापूर्वीही माणसे गावी परतली आहेत, पण ती अशी नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो चिघळला, आणि कितीतरी गिरणी कामगार लालबाग-परळच्या खोल्यांना कुलूप लावून गावी गेले. त्यांना विचारायला कोणी वार्ताहर गेला नाही की, "मनःशांती कशी काय मिळते आहे?" ते गेले कारण मुंबईत चूल पेटत नव्हती. आजचा जाणारा मात्र आपखुशीने जातो. पदरी चार पैसे बांधून जातो. आपखुशीने जाणाऱ्याकडे म्हणूनच मला चार प्रश्न विचारण्याचा हक्क आहे.

पहिला प्रश्न: तू राहायला चालला आहेस, की विकत घ्यायला?

आम्हां उपनगरवाल्यांना या दोहोंतला फरक इतरांपेक्षा जास्त कळायला हवा. कारण आपले उपनगर म्हणजे तरी दुसरे काय होते? १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६७ साली विरारकडून मुंबईला गाडी सुरू झाली, १८९६ साली शहरात प्लेग शिरला, आणि शहरातली माणसे मोकळ्या हवेसाठी साष्टीच्या खेड्यांकडे वळली. तेव्हा त्याला हवापालट म्हणत. भातखाचरे, ताडमाड, शांतता. आज कोकणाच्या जाहिरातीत जे जे असते ते सगळे तेव्हा अंधेरी-बोरिवलीत होते. १९५० साली अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ साली बोरिवली-मुलुंड बृहन्मुंबईत आली. पण तिथे आधीपासून मरोळ, चकाला, गुंदवली, वझिरा अशी गावे होती. ईस्ट इंडियन, कोळी, आगरी माणसे होती. आलेल्यांपैकी कितीजण त्यांचे शेजारी झाले? आज गावठाण शोधायला जावे तर दोन टॉवरांच्या मधली एक बोळ सापडते. तिच्या तोंडाशी एखादा क्रूस, नाहीतर लहानसे देऊळ. वस्ती हजारपट झाली आणि गाव मात्र बुडाले. हवापालटाची हौस गावाला काय करते याचा दाखला शोधायला आपल्याला खिडकीबाहेर पाहिले की पुरे!

कोकणात हाच खेळ लहान प्रमाणावर चालू झाला आहे. डोंगर कापून प्लॉट पाडायचे, भोवती जांभ्याचा गडगा घालायचा, त्याला लोखंडी फाटक, फाटकावर नाव ‘शांतिनिकुंज’ आणि फाटकाला अकरा महिने कुलूप. गावकऱ्याची जुनी पायवाट त्या गडग्याने बंद होते. मालक मे महिन्यात आठ दिवस येतो, विहिरीवर पंप लावतो आणि पाणी आटले की ग्रामपंचायतीला दोष देतो. कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरी तो जांभ्यातून पाझरून आणि उतारावरून वाहून समुद्राला मिळतो, आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यावाड्यांना टँकर लागतो. नेमका तोच आपल्या सहलीचा हंगाम. ज्या महिन्यात गावातली बाई दोन हंड्यांसाठी पाखाडी चढते त्याच महिन्यात ‘शांतिनिकुंजा’तली हिरवळ भिजते. हा गृहस्थ गावी गेला असे मी म्हणणार नाही. त्याने गावाचा एक तुकडा मुलुंडात आणला.

दुसरा प्रकार हंगामी उद्योजकाचा. हा खोल्या बांधतो, त्यांना होम-स्टे म्हणतो, त्यांची चित्रे मोबाइलवर टाकतो, एक नोकर ठेवतो आणि स्वतः बोरिवलीत राहतो. होम आहे, पण स्टे करायला मालकच नाही! पाहुण्याला उकडीचे मोदक मिळतात. ते शेजारच्या वाडीतल्या बाईने केलेले असतात, आणि मोदकामागे तिच्या हाती किती पडते ते विचारू नये. धंदा करण्याला माझी ना नाही. कोकणी माणसाने धंदा करावा हे सांगून सांगून तीन पिढ्यांचे घसे बसले. माझी तक्रार एवढीच की हा धंदा गावात असून गावाचा नाही.

गावाचा धंदा कसा असतो ते पाहायचे असेल तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. इथल्या किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालायला येतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. अंड्यांतून निघालेली पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला मुंबई-पुण्याची माणसे येतात, आणि उतरतात कुठे? गावकऱ्यांच्या घरी. पडवीत गाद्या, माजघरात पंगत. पैसा त्याच घरात राहतो. एरवी ज्या किनाऱ्यावरची अंडी चोरीला जात, त्याच्या राखणीत आता सगळ्या गावाचे हित आहे. वेळासला कोणी शहरी तारणहार बंगला बांधून बसला नव्हता. बाहेरच्यांनी कल्पना आणि मेहनत दिली, घरे गावाची होती.

आणि बाहेरून जाऊन राहण्याचा नमुना हवा असेल तर दापोलीजवळचे चिखलगाव पाहा. हे लोकमान्यांचे मूळ गाव. डॉ. राजा दांडेकर आणि रेणू दांडेकर हे दांपत्य १९८० च्या दशकात तिथे राहायला गेले आणि त्यांनी शाळा उभी केली. हे काम शनिवार-रविवारच्या फेऱ्या मारून होण्यासारखे नव्हते. सगळ्यांनी असे व्हावे असे मी म्हणत नाही. तसे होणारही नाही. पण जाणाऱ्याने दुसरा प्रश्न या नमुन्यावरून स्वतःला विचारावा: तुझी मुले कुठे शिकणार?

टवाळ पक्षाला इथे गुदगुल्या होतील. "बघा, आम्ही सांगतच होतो! गावात शाळा नाही, डॉक्टर नाही, एसटीच्या फेऱ्या बंद." अहो, पण त्या बंद कोणी पाडल्या? २०१७ च्या डिसेंबरात सरकारने दहापेक्षा कमी पट असलेल्या राज्यातल्या सुमारे १३०० शाळा दुसऱ्या शाळांत मिळवायचे ठरवले, तेव्हा आपण सरकारला शिव्या दिल्या. द्याव्यातच. पण पट दहाच्या खाली आला तो कोणाची मुले घाटकोपरात शिकत होती म्हणून? माणसे नाहीत म्हणून शाळा नाही, आणि शाळा नाही म्हणून माणसे नाहीत. हे रहाट उलटे फिरवायला फार मोठी फौज लागत नाही. नऊच्या पटाच्या शाळेत एका बिऱ्हाडाची दोन मुले गेली तर पट अकरा होतो. मुंबईत तुमच्या दोन मुलांनी कुठल्या शाळेचे काय अडते? इथे त्यांना नुसती जागा मिळवायला रांग लावावी लागते. तिथे त्यांच्यामुळे शाळा राहते.

तिसरा प्रश्न पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर पाहुणा येत नाही, वीज जाते, कौले गळतात, वानर परसातले केळीचे घड पाडतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले आणि दापोली-मंडणगडच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी काडीसारख्या मोडल्या. पुन्हा लावलेला माड धरायला वर्षेच्या वर्षे लागतात. त्या उन्हाळ्यात तुझे पोट कशावर चालणार, त्या पावसात तू कुठे असणार, याचे उत्तर आधी दे. ज्याच्यापाशी ते आहे त्याला वेडा म्हणण्याचा अधिकार टवाळांना नाही.

चौथा प्रश्न जाणाऱ्याला नाही. तो तुम्हांला-मला आहे, आणि या लेखाचा सारा खटाटोप त्याच्याचसाठी आहे.

आमचे मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. तिथे आमचे एक चौपाखी घर, थोडी भातजमीन, काजूची आणि आंब्याची झाडे. माझा एक पुतण्या बोरिवलीचा; बायको शिवणकामात हुशार, मुलगी सात वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिघेही गावी राहायला गेले. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. दोन्ही पावसाळे-हिवाळे त्यांनी तिथेच काढले. घर शाकारले, विहिरीतला गाळ काढला, दोन खोल्या पाहुण्यांसाठी नीट केल्या. आता त्याला कर्ज हवे आहे आणि कृषी पर्यटनाची नोंदणी हवी आहे. राज्याचे तसे धोरण २०२० पासून आहे. त्यासाठी सातबारा लागतो. आमच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावे आहेत. त्यांतली चार माणसे देवाघरी गेली, दोन परदेशी. उरलेली मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि डोंबिवलीत सुखरूप आहेत. पुतण्या मुंबईला येतो तो सह्या गोळा करायला. एका दारात चहा मिळतो, दुसऱ्यात चिवडा मिळतो, सही बहुतेक दारांत मिळत नाही.

"बघू रे, एवढी काय घाई आहे? आपले नाव असू दे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आमच्या घराण्याचे ते ब्रीद म्हणून दारावर कोरावे!

या ‘असू दे’पायी कोकणातली किती घरे बसली याची मोजदाद कुठल्याच जनगणनेत नाही. गावात हिंडून पाहा. वासे वाकलेले, ओटीवर आंब्याचे रोप उगवलेले, आणि मालक विचारावा तर पंधरा. कोणी एक दुरुस्त करू म्हणतो, तर चौदा म्हणतात, "आमचा हिस्सा?" शेवटी छप्पर खाली येते आणि पंधराही हिश्शांची माती होते. जमिनीची तीच गत. मालक मुंबईत, बाग वर्षाच्या कराराने व्यापाऱ्याला दिलेली, आणि राखणीला नेपाळहून आलेली माणसे. रत्नागिरीच्या आंबा बागांतून फिरा. गड्यांच्या तोंडी नेपाळी ऐकू येईल. दूर हिमालयाच्या पायथ्याचा माणूस आपल्या बागेत येऊन राहू शकतो, मग आपला पुतण्या राहू म्हणतो तेव्हा आपल्याला कापरे का भरते?

कारण कुळाची भीती! १९४८ चा कूळकायदा आणि १९५७ सालचा एक एप्रिल आमच्या वाडवडिलांच्या हाडांत भिनला आहे. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. मी त्या कायद्याच्या विरुद्ध नाही. खोतांच्या वेठीखाली पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांना त्याने माणसात आणले. पण त्याची धास्ती आपण भलतीकडे वळवली. "कोणाला कसायला दिली की गेली!" म्हणून कोणालाच द्यायची नाही. वास्तविक, मालकाच्या कुटुंबातला माणूस कूळ धरला जात नाही असे त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिले आहे, आणि पुतण्या तर स्वतःच हिस्सेदार. हक्क सोडायचा नसेल तर सोडू नका. वाटप करून घ्या. तेही नको असेल तर मुदतीचा करार करा, उत्पन्नातला हिस्सा लिहून घ्या, नोंदणी करा, वकील लावा. शंभर वाटा आहेत. फक्त ‘बघू’ ही वाट नव्हे.

दुसरी सबब भावाची. "हायवे होऊ दे, मग बघ किंमत!" मुंबई-गोवा रस्त्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. तेव्हा बाळंतविड्यातले मूल आता दाढी करू लागले. आणि समजा, भाव आला. सत्तावीस जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला मुलुंडात मोटार ठेवण्याइतकी तरी जागा येईल काय? तिसरी सबब भावनेची, आणि ती सर्वांत वाईट. "वाडवडिलांची वास्तू, गणपती तिथे बसतात." गणपती दीड दिवस बसतात. उरलेले साडेतीनशेहून अधिक दिवस त्या देवघरात दिवा कोण लावतो? पुतण्याची बायको लावते. तिच्याच घराची आपण सही अडवून धरली आहे, आणि वर तिने केलेले घावन खाऊन परत येतो.

जपानचे पाहा. तिथे खेडी आपल्याहून वेगाने ओस पडत आहेत. २००९ साली तिथल्या सरकारने एक योजना काढली. शहरातल्या माणसाने अशा गावी जावे, एक ते तीन वर्षे गावाचे काम करावे, त्याला त्याबद्दल वेतन मिळावे. अट एकच, आणि ती मला फार आवडते: आपला कायमचा पत्ता शहरातून काढून त्या गावी नोंदवायचा. मुदत संपल्यावर त्यांतले अनेकजण तिथेच किंवा जवळपास राहिले, कोणी खाणावळ काढली, कोणी शेती धरली. ज्याचा पत्ता गावाचा, तो गावाचा. मग त्याचा जन्म तोक्योत झालेला का असेना. आपल्याकडे सगळे उलटे. पत्ता मुलुंडचा, मत मुलुंडला, रेशनकार्ड मुलुंडचे, आणि हक्क मात्र गावावर!

तात्पर्य, माझे मागणे दोघांकडे आहे. जाणाऱ्यांनो, जरूर जा. पण बिऱ्हाड घेऊन जा. मतदारयादीत नाव घाला, मुले तिथल्या शाळेत घाला, ग्रामसभेला बसा, शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी पाहून आपला पंप लावा, आणि पाहुण्याचा पैसा वाडीत फिरेल असे करा. एवढे होत नसेल तर मे महिन्यात आठ दिवस सहलीला जा, वेळाससारख्या गावी कोणाच्या तरी पडवीत पैसे देऊन उतरा आणि परत या. त्यात कमीपणा काही नाही.

आणि न जाणाऱ्यांनो, म्हणजे तुम्ही आणि मी! तुमच्या कुळातला एखादा वेडा गावी राहायला गेला असेल तर त्याला ऋषीही म्हणू नका आणि टवाळीही करू नका. मी गेल्या वर्षी माझी सही दिली. तलाठ्यापुढे उभा राहिलो, हात थोडा थरथरला हे खरे, पण त्यानंतर मला गावी जाताना अधिक मोकळे वाटते. सत्तावीसांपैकी आतापर्यंत सोळा सह्या झाल्या आहेत. उरलेल्या अकरांतले सहाजण हा अंक दर दिवाळीला विकत घेतात, हे मला पक्के ठाऊक आहे. त्यांना माझा जाहीर नमस्कार.

भाऊबीजेला सारे एकत्र जमतीलच. फराळाची ताटे उचलल्यावर पत्त्यांचा डाव मांडण्यापूर्वी तेवढा सातबारा मधोमध ठेवा. पेन मी आणतो.